मेटलर्जी घ्यावी का? एका पालकाचा प्रश्न

प्रश्न : मुलीला इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पुण्याच्या सीओईपी कॉलेजात मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळते आहे आणि घराजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर. ‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मिळ मृदा धातूंच्या बातम्या वाचल्यापासून तिने मेटलर्जीचाच ध्यास घेतला आहे. उद्या चीनने या धातूंची आवळलेली निर्यात खुली केली, तर तिचं काय? (एक पालक, चिपळूण)

उत्तर : नमस्कार. तुमची धास्ती रास्त आहे. २०१० मध्ये चीनने जपानचा रेअर अर्थचा पुरवठा आखडता घेतला आणि भाव कडाडले. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास या रेअर अर्थच्या खाणीत पैसा ओतला गेला. मग भाव कोसळले आणि २०१५ मध्ये ती खाण चालवणारी मॉलिकॉर्प कंपनी दिवाळखोरीत गेली. धातूच्या भावावर करिअर बेतू नयेच.

पण तुमची मुलगी शिकेल ती धातूंवरची प्रक्रिया, आणि आपलं घोडं अडलंय तेही तिथेच. चुंबकाला लागणारा निओडिमियम हा रेअर अर्थ धातू केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहे. सरकारी कंपनी आयआरईएल ती वाळू काढते. मात्र रेअर अर्थ धातू रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की ते सुटे करायला आम्लातलं द्रावण आणि सेंद्रिय द्रावक एकत्र घुसळायचे, थर बसू द्यायचे, पुन्हा घुसळायचे, असे शेकडो टप्पे लागतात. पुढे निओडिमियमचा लोह आणि बोरॉनसोबत मिश्रधातू करून त्याची काही मायक्रॉनची भुकटी करतात. ती हवेत पेट घेऊ शकते, म्हणून काम निष्क्रिय वायूत. चुंबकीय क्षेत्रात कण एका दिशेला वळवून दाबायचे, भट्टीत सिंटर करायचे, म्हणजे तापवून एकजीव करायचे, तेव्हा कुठे ई-स्कूटरच्या मोटरचं चुंबक तयार होतं. रेअर अर्थचं जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाने लावले, त्याची झळ पुण्याच्या ई-स्कूटर उत्पादनालाही बसली.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा चुंबकांच्या उत्पादनासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली आहे. एवढ्या एका योजनेवर मात्र भिस्त ठेवू नका. कारखाने उभे राहायला वेळ लागतो आणि त्यातल्या नोकऱ्या मोजक्याच असतील. तरीही माझं मत सीओईपीच्या बाजूने आहे. हीच पदवी पोलाद, फाउंड्री (ओतकामाचे कारखाने), वाहनांचे सुटे भाग, बॅटरी, सगळीकडे चालते. हायड्रोमेटलर्जी (द्रावणातून धातू वेगळे करणं) आणि पावडर मेटलर्जी (भुकटीपासून वस्तू घडवणं) यांच्याकडे तिने पहिल्यापासून लक्ष द्यावं, एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षात सुरू करावी.

त्याआधी एक करा. ओळखीतून कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत तिला दिवसभर नेऊन आणा. भट्टीची धग आणि धूळ पाहूनही ती मेटलर्जीच म्हणाली, तर सीट फ्रीज (पक्की) करून टाका.