सही माझी, निर्णय कोणाचा?

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील एका गावाची नवी सरपंच आहे. मासिक सभेत माझे पती शेजारच्या खुर्चीत बसतात आणि इतिवृत्ताची वही आधी त्यांच्यापुढे सरकवली जाते; माझ्याकडे ती सहीपुरती येते. घरात वाद न होता हे कसे बदलावे?
– एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, वही कोणापुढे सरकते हे तुम्ही टिपलेत, यातच निम्मे काम झाले. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण वाढवून निम्म्या जागांपर्यंत नेले. मात्र सभेत तुमच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने तुमच्या पतींना दिलेला नाही. मासिक सभेचे अध्यक्षस्थान तुमचे आहे. पतींशी आधी घरीच, शांतपणे बोला. त्यांचा सल्ला घरी जरूर घ्या. पुढच्या सभेपूर्वी विषयपत्रिका मागवून वाचा आणि प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. सुरुवातीला आवाज कापेल, कापू द्या.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे ग्रामसभेपूर्वी घ्यावयाची महिला सभा, जी अनेक गावांत केवळ कागदावर उरकली जाते, याचे मला मनापासून दुःख वाटते. बचतगटातील भगिनींना स्वतः घरोघर जाऊन बोलवा. उन्हाळ्यात टँकर कोणत्या वस्तीवर उशिरा पोहोचतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांच्या मागण्या ठरावात नोंदवा आणि ग्रामसभेत तुम्हीच वाचून दाखवा.