वाचकांचे प्रश्न: जादूगारांचं मंडळ काढायचं आहे

प्रश्न: आम्ही आठ-नऊ हौशी जादूगार दर रविवारी जमतो. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’सारखं मंडळ काढायचं मनात आहे. ते कसं उभं राहिलं? त्यातलं काय घ्यावं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: ‘मॅजिक सर्कल’ १९०५ साली सोहो भागातल्या ‘पिनोलीज’ या रेस्टॉरंटमध्ये सुरू झालं, २३ सभासदांवर. मार्टिन चॅपेंडर हा तरुण जादूगार नुकताच वारला होता, म्हणून मंडळाला त्याचंच नाव द्यायचं घाटत होतं. शेवटी नाव वेगळं ठरलं, पण आद्याक्षरं त्याचीच राहिली. न्यूयॉर्कची ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ त्याहून जुनी. ती १० मे १९०२ रोजी मार्टिंका यांच्या जादूच्या साहित्याच्या दुकानात स्थापन झाली. म्हणजे सुरुवातीला स्वतःची वास्तू कुणाकडेच नव्हती. तुमची रविवारची खोली पुरेशी आहे.

घ्यायची ती शिस्त. युक्तीच्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही; तो मिळतो लिहिलेल्या मजकुराला, चित्राला. त्यामुळे गुपित राखायचं तर सभासदाच्या शब्दावरच. लंडनच्या मंडळाचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, त्याचा भाव असा की आतली गोष्ट याच्या तोंडून निघायची नाही. पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट यांनी पुढे मासिकात युक्त्या उघड केल्या, तर त्यांनाही मंडळाने बाहेर काढलं. युक्त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, तरीही. आम्हाला हा निर्णय कठोर वाटतो. स्वतः रचलेल्या प्रयोगावर रचणाऱ्याचा हक्क असावा, असं तुमच्या घटनेत स्पष्ट लिहा.

आपल्या तालमीत नवख्याला पहिल्या दिवशी कुणी डाव शिकवत नाही. आधी माती, जोर-बैठका. तसंच इथे. लंडनला आधी मुलाखत, मग परीक्षकांसमोर प्रयोग. तुम्ही आठ-दहा मिनिटांत तीन प्रयोग मागा. एक परीक्षक समोर बसवा, दुसरा अगदी डावीकडे, तिसरा उजवीकडे. आरशासमोर सराव केलेले बहुतेक जण इथेच अडकतात. आरसा फक्त समोरचा कोन दाखवतो, शिवाय नेमक्या लपवाछपवीच्या क्षणी आपलेच डोळे मिटतात आणि ते स्वतःला कळत नाही. मोबाइल प्रेक्षकाच्या खुर्चीच्या उंचीवर ठेवून दोन्ही बाजूंनी चित्रीकरण करा. हाताकडे पाहण्याआधी स्वतःची नजर कुठे जाते ते तपासा. सगळ्यात आधी फितूर होते ती नजर.

प्रश्न: नोंदणी करावी का? (शाहूपुरी)

उत्तर: वर्गणी गोळा करणार, नाट्यगृह भाड्याने घेणार असाल तर करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, आणि दोन्हींसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठायचं. एक काळजी घ्या: तिथे दाखल केलेले कागद कुणालाही फी भरून पाहता येतात. गुपितं, साहित्याची तपशीलवार यादी, शिकवण्याच्या टिपा त्यात घालू नका. उद्देशात ‘जादूकलेचं शिक्षण व सादरीकरण’ एवढं बस्स.

प्रश्न: माझ्या मुलीला घेतील का? (रंकाळा परिसर)

उत्तर: घ्यायलाच हवं. ‘मॅजिक सर्कल’ने स्त्रियांना १९९१ पर्यंत दार बंद ठेवलं होतं. त्या वर्षी सोफी लॉइड यांनी पुरुषाच्या वेषात, ‘रेमंड’ या नावाने परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. काही महिन्यांनी मंडळाने स्त्रियांना प्रवेश खुला केला, तेव्हा त्यांनी खरी ओळख सांगितली. मंडळाने फसवणूक म्हणून त्यांनाच काढून टाकलं! २०२५ साली मंडळाने माफी मागून त्यांना परत सभासद करून घेतलं. फसवणं हीच ज्यांची कला, त्यांना ही फसवणूक सोसायला चौतीस वर्षं लागली. मुलगी अठराच्या आतली असेल तर बालविभागाची सोय आधी विचारा आणि पालकांना बैठकीत बसू देतात का, तेही.