लेझरचे 85 हजार भरण्याआधी

कऱ्हाडचे एक वाचक लिहितात: वय 43, टेलरिंगचं दुकान, रोजची कमाई साधारण 1,200 रुपये. तीन वर्षांपासून मूळव्याध. मोड शौचाच्या वेळी बाहेर येतो, आपोआप आत जातो, अधूनमधून रक्त पडतं. डॉक्टरांनी ग्रेड 2 लिहिलंय. एका रुग्णालयाने लेझरचं 85 हजारांचं पॅकेज आणि 'बिनव्याजी' हप्ते सांगितलेत. मेडिक्लेमला 14 महिने झालेत. हप्ते घेऊ, एफडी मोडू की विम्यासाठी थांबू?

नमस्कार. आधी विम्याचं बोलू, कारण तुमची सगळी आशा तिथे आहे.

बहुतेक पॉलिसींत मूळव्याध ही हर्निया, मोतीबिंदूच्या यादीत असते आणि तिला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे दावा न मिळण्याचा काळ, असतो. त्या हिशेबाने तुमचे 10 महिने उरतात. पण त्रास तीन वर्षांचा आहे, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा. आधीच्या आजाराला वेटिंग जास्तीत जास्त 36 महिने असू शकतं, आणि दोन्ही अटी लागू झाल्या तर मोठी धरतात. मग 22 महिने थांबावं लागेल. त्यातही पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवर हा आजार लिहिला होता का? नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीही अडचणीत येते. माझ्या एका अशिलाच्या केस पेपरवर पेनाने एकच ओळ होती, '4 वर्षांपासून त्रास'. दावा त्या ओळीवर अडला. डॉक्टरांना तारीख बदलायला सांगू नका. आजार कधीपासून आहे हे कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे हृदयाचं काही निघालं, तर हीच पॉलिसी तुमच्या घराला सावरणार आहे.

आता उपचार. मूळव्याधीचे चार ग्रेड असतात; 3 मध्ये मोड हाताने आत ढकलावा लागतो, 4 मध्ये तो बाहेरच राहतो. ग्रेड 2 ला रबर बँड का नको, हे दुसऱ्या सर्जनला विचारा. मोडाच्या मुळाशी रबराचं कडं बसवतात, रक्तपुरवठा थांबतो, मोड गळून पडतो. ओपीडीत काही मिनिटांचं काम. बहुधा दोन-तीन वेळा जावं लागतं, पण खर्च काही हजारांत आटोपतो. विमा सहसा देत नाही, तरी चालेल.

ब्रिटनमध्ये ग्रेड 2 आणि 3 च्या 372 रुग्णांवर बँडची तुलना रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेशी झाली (2016). वर्षभरात त्रास परतला तो बँडवाल्यांत 49 टक्क्यांना, शस्त्रक्रियावाल्यांत 30 टक्क्यांना. बँड मागे पडला असं वाटेल. पण गरजेप्रमाणे पुन्हा बँड लावणं हा त्याच उपचाराचा भाग धरला, तेव्हा हा फरक बराच कमी झाला; शस्त्रक्रिया मात्र महागच राहिली. स्टेपलरचंही, म्हणजे यंत्राने कापून टाके घालायच्या शस्त्रक्रियेचंही, तसंच. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत स्टेपलरने सुरुवातीला दुखलं कमी, पण पुढे मोड परतण्याचं प्रमाण नेहमीच्या कापून काढायच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त निघालं, खर्चही जास्त. लेझरने वेदना कमी होतात हे खरं, पण दीर्घकाळाचा पुरावा अजून तोकडा आहे.

कापून काढलं तर दोन-तीन आठवडे मशीनवर बसणं अवघड. 15 दिवस दुकान बंद म्हणजे 18 हजार गेले. म्हणून कमी दुखणाऱ्या उपचाराची किंमत मी नाकारत नाही. पण ते पैसे ग्रेड 3-4 ला मोजावेत. तुमच्या ग्रेडला आधी बँड.

रक्त मात्र हलक्यात घेऊ नका. चाळिशीनंतर रक्त पडतंय म्हटल्यावर ते मुळव्याधीचंच आहे ना, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगितली तर पैशासाठी टाळू नका. हिमोग्लोबिन घसरत असेल तर विम्याची वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर एफडी मोडा, हप्ते नकोत. 85 हजारांवर एक टक्का दंड धरला तरी वर्षाचे 850 रुपये; 'बिनव्याजी' हप्त्यात प्रोसेसिंग फी, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, आणि रोखीत मिळू शकणारी सूट हातची जाते. त्याआधी जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारून या. आणि पॅकेजचा कागद लेखी घ्या: भूल, खोली, औषधं, तपासण्या आणि मोड परतला तर पुढचा खर्च कोणाचा, हे सगळं त्यावर असू द्या.