प्रश्नोत्तरे : रुथेनियमने अल्झायमरची तपासणी होते का?

प्रश्न : वडिलांना अल्झायमर आहे. रुथेनियम धातूचा एक रेणू मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्यांना चिकटला की चमकतो, असं वाचलं. ही तपासणी त्यांच्यासाठी करून घेता येईल का?

उत्तर : नाही. एवढ्यात होईल अशी आशाही लावून बसू नका. या रेणूचा प्रकाश तांबडा असतो, साधारण ६३० नॅनोमीटरचा. मेंदूत खोलवर तो उजळला तरी कवटीबाहेर मोजण्याजोगं काही हाती लागत नाही. त्यात रेणूवर दोन धनप्रभार, म्हणजे रक्तातून मेंदूत शिरणंच कठीण. जिवंत माणसातलं बीटा-अमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये गुठळ्या करणारं प्रथिन, बघायला पेट स्कॅन आहे. त्यासाठी टोचायचं किरणोत्सारी द्रव्य फ्लोरबेटापिर अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. वडिलांना त्याची गरज आहे का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

मग आम्ही प्रयोगशाळेतली माणसं या रेणूच्या मागे का लागलोय? १९९० मध्ये तो डीएनएला चिकटला की चमकणारा रेणू म्हणून पुढे आला. पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो, कारण त्याच्या चपट्या टोकावरच्या नायट्रोजनना पाण्याचे रेणू बिलगतात आणि ऊर्जा उष्णतेत निघून जाते. तेच टोक अमिलॉइड तंतूच्या (गुठळ्यांमधल्या प्रथिनाच्या धाग्याच्या) खाचेत दडलं, पाणी दूर झालं, की रेणू पेटतो. राइस विद्यापीठातल्या एंजल मार्टी यांच्या गटाने २०११ मध्ये बीटा-अमिलॉइडवर हे दाखवलं, पुढच्याच वर्षी पार्किन्सनमधल्या अल्फा-सिन्युक्लिनवर.

गुठळ्या मोजायला आमचा रोजचा चमकणारा रंग मात्र थायोफ्लेविन-टी. स्वस्त, भरवशाचा, पण गुठळ्या थांबवतं का हे तपासायचं औषधच चमकणारं असलं की पंचाईत. त्याचा प्रकाश आणि रंगाचा प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि आलेख काय सांगतोय ते कळेनासं होतं. रुथेनियम इथे कामाला येतो. बहुतेक सेंद्रिय रंगांचा प्रकाश काही नॅनोसेकंदांत संपतो, याचा शेकडो नॅनोसेकंद रेंगाळतो. लेसरचा झोत टाकायचा, बाकीची चमक ओसरू द्यायची आणि मगच डिटेक्टर उघडायचा. उरतो तो बहुतांशी रुथेनियमचाच उजेड. मला ही युक्ती मूळ रेणूपेक्षाही आवडते!

हळदीतल्या कर्क्युमिनपुढे मात्र तीही हात टेकते. ते निळा प्रकाश स्वतःच गिळतं, आणि रुथेनियमला उत्तेजित करायला लागतो तोच प्रकाश. चमकेचा आकडा खाली येतो, ‘गुठळ्या थांबल्या’ म्हणून कुणीतरी खूश होतं. अशा वेळी मी तोच नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली लावायला सांगते. तंतू असले तर तिथे ते दिसतातच.