कंबर सोडा, आधी आसन मोजा

दादा, छत्तीसची पॅन्ट बसलं की पोटात रुतते, अडतीसची चालताना घसरते आणि गाडीवर सातपूर ते नाशिकरोड गेलं की जांघेत काचतं, असं तुम्ही लिहिलंय. माझी तीन-चार वर्षं अगदी याच त्रासात गेली. मी शिंपी नाही, अंगावर भोगलं तेवढंच सांगतो. शरीराची ठेवण वेगळी असेल तर थोडा फरक पडेल.

मला हे दुखणं कंबरेचं वाटत नाही, आसनाचं वाटतं. आसन म्हणजे पट्ट्यापासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतची पॅन्टची खोली. पोट जरा पुढे आणि मागची बाजू भरलेली असली की बसताना मागच्या आसनाला कापड जास्त लागतं. ते नसलं की पॅन्ट मागून खाली ओढली जाते आणि पट्टा पुढे पोटात घुसतो. आपण समजतो कंबर कमी पडली आणि एक नंबर वरचा घेतो, तो घसरतो. रेडिमेडमध्ये बऱ्याचदा आसन आखूड असतं.

माझी चूक ही, की दिवाळीच्या तोंडावर चार कापडं एकदम टाकली. मेन रोडच्या बाजूचं चांगलं चालणारं दुकान. माप उभ्यानेच घेतलं. आसन जरा जास्त ठेवा म्हटलं, तर "आता तसं कोणी घालत नाही." ट्रायल मागितली, तर "आमच्याकडे लागत नाही." धनत्रयोदशीला चार पॅन्टी हातात पडल्या, चारही काचणाऱ्या. उसवून वाढवून द्या म्हणून गेलो, तर आत माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, पाव इंचसुद्धा सोडलेली नव्हती. त्यात एक कापड सासऱ्यांनी दिलेलं होतं. घालणाऱ्याला कुठे काचतं हे ऐकून घ्यायला काय जातं, हे मला आजही कळत नाही. पैशांपेक्षा तेच लागलं.

म्हणून आधी एकच कापड द्या. कडक स्टुलावर ताठ बसा आणि जिथे पट्टा बांधता तिथपासून स्टुलापर्यंत बाजूने माप घ्यायला लावा, वर अर्धा-पाऊण इंच मोकळं. पोट आत ओढू नका. मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया सोडायला सांगा आणि ते पावतीवर लिहून घ्या. कच्च्या शिलाईवर ट्रायल द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे जाऊ नका, दुकान कितीही मोठं असो. सिडकोत, पंचवटीत एका मशीनवर बसणारे मास्तर असतात, ते निवांत ऐकून घेतात. माझं काम अशाच एका मास्तरांनी केलं. ट्रायलला नुसतं उभं राहू नका. खुर्चीवर बसा, उकिडवे बसा, जमलं तर बाहेर गाडीवर टांग टाकून बघा.

जीन्स अल्टर करून मोकळी होईल ही आशा सोडा. तिची मागची शिवण दुमडून पक्की मारलेली असते, सोडायला आत काही नसतं.

कापड ५८ इंची पन्ह्याचं असेल तर सव्वा मीटरमध्ये भागतं, तुमच्या मापाला मी १.४० मीटर घेईन. सुती असेल तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आसन पुन्हा आखडेल. आणि लग्नसराई, दिवाळी टाळा, तेव्हा चांगल्या मास्तरांचाही हात घाईत असतो.

स्टुलावरचं माप किती येतं ते कळवा. माझ्या पॅन्टीशी ताडून सांगतो.