एसटी ड्रायव्हरच्या पोराला बिनड्रायव्हरच्या गाडीचं शिकायचंय

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही वीस वर्षं एसटी चालवताय, पोराने सीईटी दिलीय आणि आता त्याला 'ईव्ही अँड ऑटोनॉमस व्हेईकल', म्हणजे इलेक्ट्रिक आणि बिनड्रायव्हरच्या गाड्यांची, ब्रँच हवीय, तर तुम्ही विचारता की ज्याने बापाच्याच पोटावर पाय येणार ते शिकायला बापानेच फी का भरायची. कळतंय हो.

पोटाची चिंता आत्ता सोडा. गडकरींनी २०२३ मध्येच सांगितलंय, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा कार इथे येऊ देणार नाही. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या इलेक्ट्रिक टॅक्सी स्टेअरिंगवर कोणी नसताना पॅसेंजर नेतात, आपल्याकडे दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाईन २०२० पासून विनाचालक आहे पण ती पडली रुळावरची गाडी, तिथे आडवं कोण येतंय?

आणि रात्री टेललाईट नसलेली उसाची ट्रॉली पुढे असली की तुम्हाला ती दिसायच्या आधी कळते, रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून. हे कॅमेऱ्याला शिकवणं हेच तर या फील्डमधलं काम! हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचे फोटो गोळा करून अशा शिकवण्यासाठी डेटासेट, म्हणजे फोटोंचा संच, केला, त्यात ऑटोरिक्षाला वेगळा प्रकार द्यावा लागला.

आता ब्रँच. माझं स्पष्ट मत, नावाला भुलू नका. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) किंवा कॉम्प्युटर घ्या, मेकॅनिकल मिळालं तरी चालेल पण मग इलेक्ट्रॉनिक्स स्वतः शिकावं लागेल. गाडीने आपोआप ब्रेक मारणं, लेन धरणं (याला अडास म्हणतात), बॅटरी मॅनेजमेंट, टेस्टिंग, ही कामं पुण्यात आज आहेत आणि बिनड्रायव्हरची गाडी आली नाही तरी ई-बसला लागणारच आहेत. शहराचा धूर आणि गर्दी कमी करायची तर मला विचाराल तर भरलेली ई-बसच बरी, रिकामी फिरणारी शहाणी कार काय कामाची, पण हे जरा विषयांतर झालं.

नवीन ब्रँचचाच हट्ट असेल तर ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोघं कॉलेजात जा, लॅब उघडायला लावा. बॅटरी पॅक खोललेला दिसतो का, पोरं कॅन बसवरचा (ही एसटीसारखी बस नव्हे, गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी बोलतात ती वायर) डेटा स्वतः वाचतात का, शिकवणारे कुठल्या ब्रँचचे आहेत ते विचारा. नुसतं पोस्टर आणि झाकून ठेवलेली गाडी दिसली तर सरळ घरी या. तोवर त्याला सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा सुरू करू दे, बिनड्रायव्हरची गाडी कॉम्प्युटरवरच चालवून बघायचा कार्ला नावाचा सिम्युलेटर फुकट आहे, फक्त ग्राफिक्स कार्ड बरं लागतं, त्यासाठी लगेच कर्ज काढू नका, कॉलेजच्या लॅबमध्ये बसू दे.