एकाच जाडीची अक्षरं

अनेक आशीर्वाद.

तू करत असलेल्या देवनागरी फॉन्टच्या व्यंजनांचे दोन कागद मिळाले. वर ‘देवनागरी सॅन्स सेरिफ’ लिहिलं आहेस, तिथूनच सुरुवात करतो. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असतात त्या छोट्या पायऱ्या, आणि सॅन्स म्हणजे ‘विना’. देवनागरीला मुळात सेरिफ नाहीत, मग तू गाळलंस काय? रोमनची गोष्ट निराळी. तिथे १८१६ मध्ये विल्यम कॅसलन (चौथा) या इंग्रज टाइप-ओताऱ्याच्या नमुनापुस्तकात टोकांना पायऱ्या नसलेली अक्षरं छापली गेली, तीही फक्त कॅपिटल. देवनागरीत आपण ‘सॅन्स’ म्हणतो ते बोरूचा जाड-बारीकपणा काढलेलं, एकाच जाडीच्या रेघेचं अक्षर.

ही एकच जाडी मात्र दिसण्यापुरतीच असते. तू सगळीकडे रेघेची जाडी ९० युनिट (फॉन्टमधलं मोजमाप) ठेवलीस, म्हणून तुझी शिरोरेखा तुळईसारखी अंगावर येते. उभ्या रेघेइतकीच जाड आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड वाटते. ती ८० वर आण, छापून बघ, मग ठरव. ‘व’चं पोट दंडाला (उभ्या रेघेला) मिळतं तिथेही रेघ किंचित बारीक कर, नाहीतर सांध्यात काळं साचतं. १९२७ चा फ्युचुरा हा रोमन फॉन्ट कंपासनं काढल्यासारखा वाटतो ना? त्यातला स्मॉल ‘बी’ मोठा करून बघ. गोल भाग दंडाकडे येताना चोरून बारीक होतो.

गाठींचा, म्हणजे अक्षरातल्या छोट्या वेटोळ्यांचा, धडा मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या फॉन्टचं बोल्ड मी नुसती रेघ फुगवून केलं होतं. स्क्रीनवर झकास! १० पॉइंटमध्ये छापल्यावर ‘म’ आणि ‘भ’च्या गाठी भरून गेल्या, पानभर माशा बसल्यासारखं दिसत होतं. बोल्डमध्ये गाठ मोठी करावी लागते आणि तिच्याभोवतीची रेघ बारीक. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, सात वजनांत (रेघेच्या सात जाड्यांत). त्याचं सर्वांत हलकं आणि सर्वांत जाड वजन शेजारी ठेवून एकेक अक्षर बघ. तासभर मी बोलण्यापेक्षा ते बरं.

तू सध्या एकच वजन कर. जोडाक्षरांनाही हात लावू नकोस. व, न, प, त, म, र, ट, ख आणि काना एवढ्यावर महिना काढ. ‘व’ जमला की ‘ब’ आणि ‘क’ अर्धे झालेच.

खरी मेहनत अक्षरांच्या मधल्या पांढऱ्यात आहे. प, त, म यांना उजवीकडे दंड असतो. ट, र, द यांना नसतो, म्हणून त्यांच्या बाजूला खड्डा पडतो. तो बुजवायला ‘र’ पुढच्या अक्षराला चिकटवलास की ‘रवाना’चा ‘खाना’ होतो. (तुझ्या कागदावर झालाच आहे.) शिरोरेखा शेजारच्या अक्षरात थोडी घुसू दे, नाहीतर सांध्यात पांढरी फट चमकते.

पुढे रफार आणि अर्धा ‘र’ आला की ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ लिहून बघशील. विद्वान कोण नि स्वयंपाकी कोण, हे वाचणाऱ्याला अडखळावं न लागता कळलं पाहिजे.

पुढच्या खेपेला पीडीएफ नको. साध्या कागदावर १०, १४ आणि ७२ पॉइंटमध्ये ‘रवाना’ आणि ‘खाना’ एकाखाली एक छापून टपालानं पाठव.